लेकीहून दोन महिन्यांनी मोठा कातळ

दिवस पाचवा. आकुरेरी ते हुसाविक, वाटेत मीवात्न सरोवर, क्राफ्ला आणि डेट्टिफॉस.

पडदे घट्ट ओढूनही खोलीत रात्रभर उजेड होता. जूनच्या अखेरीला उत्तर आइसलँडमध्ये सूर्य मावळतो तो नावापुरता, काळोख असा पडतच नाही. पाचला जाग आली आणि पुन्हा डोळा लागला नाही. बरंच झालं. आजच्या दिवसाची मी घरून निघाल्यापासून वाट पाहत होते.

कारण सांगते. एकोणतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. दख्खनचं पठार आलं की फळ्यावर आडवे थर काढायचे, मधून एक उभी भेग, भेगेतून वर येणारे तांबड्या खडूचे बाण. कोणीतरी हमखास विचारायचं, "बाई, पण एवढी लांब भेग पडते कशी?" मी उत्तर द्यायची. उत्तर बरोबरच असायचं, पण मी भेग कधी पाहिलेली नव्हती आणि ताजा लाव्हाही नाही. आपला सह्याद्री सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी निवला. मी जन्मभर त्या निवलेल्या दगडावर राहिले आणि वर्गात आगीबद्दल बोलत राहिले. ती आग जिथे अजून जमिनीखाली धुमसते आहे, तिथे आज जायचं होतं.

सातला निघालो. गाडी सई चालवते. शेजारी तिचे बाबा नकाशा घेऊन, आणि मागे मी, दोन्ही बाजूंच्या खिडक्या माझ्याच. आकुरेरी सोडताना सिग्नलला थांबलो तर लाल दिव्यात हृदयाचा आकार. २००८ मध्ये देशाच्या बँका कोसळल्या तेव्हा लोकांना धीर यावा म्हणून या गावाने ते दिवे लावले आणि मग काढलेच नाहीत. गाव ओलांडून खाडीपलीकडे गेलं की ७.४ किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. टोलनाका नाही, कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो आणि पैसे ऑनलाइन भरायचे. हा बोगदा खणताना आत एका ठिकाणी गरम पाण्याचा झरा फुटला आणि दुसरीकडे थंड पाण्याचा लोंढा आला, त्यामुळे काम बरंच रखडलं, शेवटी २०१८ च्या डिसेंबरात वाहतूक सुरू झाली. एकाच डोंगराच्या पोटात दोन तऱ्हेचं पाणी! इथल्या जमिनीची ओळख व्हायला एवढं पुरे होतं.

बोगद्यानंतर पाऊण तासाच्या आत गोदाफॉस. 'फॉस' म्हणजे धबधबा, 'गोदा' म्हणजे देवांचा. नाव उच्चारताना मराठी जिभेवर मात्र गोदावरीच येते, आणि मला ते खटकलं नाही. उंची जेमतेम १२ मीटर, पण रुंदी ३० मीटर, आणि पाणी अर्धवर्तुळात अनेक धारांनी उतरतं. पाण्याचा रंग दुधात निळं मिसळल्यासारखा. हिमनदी खालचा खडक दळत येते, त्या पिठाचा हा रंग.

साधारण हजार वर्षांपूर्वी इथे थोरगेर नावाचा विधिप्रमुख होता. देश जुन्या देवांना मानणाऱ्यांत आणि ख्रिस्ती झालेल्यांत विभागला गेला होता, तलवारी निघायच्या बेतात होत्या, आणि निवाडा त्याच्यावर सोपवला गेला. तो स्वतः जुन्या देवांचा उपासक. एक दिवस आणि एक रात्र पांघरूण घेऊन तो पडून राहिला आणि उठून म्हणाला, सगळ्यांचा धर्म एकच असावा, ख्रिस्ती. घरी परतल्यावर त्याने आपल्या देवांच्या मूर्ती या धबधब्यात सोडल्या, अशी दंतकथा आहे. मूर्तींचा भाग खरा असो वा नसो, काठावर उभी असताना मला तो निवाडा देणारा माणूस दिसत नव्हता, हातात देव घेऊन इथवर चालत आलेला माणूस दिसत होता. आपल्याकडे विसर्जनाला पुढच्या वर्षी परत येण्याचं बोलावणं असतं. त्याला तसं काही म्हणता आलं नसणार.

तिथून मीवात्न. वाटेत एकेरी पूल लागले. आधी पाटी येते, मग थांबायचं, जो आधी पोचला तो आधी. सईला हे आवडतं, कारण समोरचा प्रत्येक चालक हात वर करून आभार मानतो.

मीवात्न म्हणजे चिलटांचं सरोवर, आणि नाव अगदी खरं आहे. गाडीचं दार उघडताच ती नाकातोंडात जायला लागली. बहुतेक चावत नाहीत, पण ढगच्या ढग अंगावर येतात. डोक्यावरून घ्यायची जाळी आकुरेरीतच घ्या, ती घेतली नसती तर इथे दहा मिनिटंही टिकलो नसतो. या चिलटांवरच सरोवरातले मासे आणि बदकं जगतात. सरोवर ३७ चौरस किलोमीटरचं, पण खोली सरासरी अडीच मीटर. ऊन तळापर्यंत पोचतं, तळाशी जीवसृष्टी माजते, म्हणून उन्हाळ्यात बदकांच्या कितीतरी जाती इथे घरटी करायला येतात. यांना दुर्बिणीतून एक काळंपांढरं बदक दिसलं, सोनेरी डोळ्याचं. मग अर्धा तास ते दुर्बीण कोणाला देईनात.

दक्षिण काठावर स्कूतुस्तादिर. गवताने मढलेली विवरं, आतून वाटीसारखी खोल. पाहणाऱ्याला वाटेल छोटे छोटे ज्वालामुखीच. पण यांच्या खाली नळी नाही, मूळ नाही. सुमारे २३०० वर्षांपूर्वी तापलेला लाव्हा पाणथळ जमिनीवर पसरला, खालचं पाणी एकदम वाफ झालं आणि लाव्हाचं पांघरूण फोडून बाहेर उडालं. त्या स्फोटांची ही भोकं. वर्गात हे सांगायला मिळालं असतं तर झाकण घट्ट बसवलेल्या पातेल्याचं उदाहरण दिलं असतं.

त्याच उद्रेकातलं डिम्मुबोर्गिर, म्हणजे 'काळे किल्ले', पूर्व काठावर. लाव्हाचं तळं इथे साचलं, वरून सायीसारखं गोठू लागलं, खालची वाफ जिथून वर येत होती तिथे खांब घट्ट झाले, आणि मग बांध फुटून उरलेला रस वाहून गेला. मागे राहिले खांब, कमानी, भिंती. भिंतींवर रस उतरत गेल्याच्या आडव्या खुणा स्पष्ट दिसतात, पूर ओसरल्यावर घराच्या भिंतीवर राहतात तशा. 'चर्च' नावाची कमान बघून परतलो. तासाभरात होतं. नाताळात मुलांना भेटी आणणारे तेरा खोडकर भाऊ इथेच राहतात म्हणे, पण जूनमध्ये ते झोपलेले असतात.

सरोवराच्या ईशान्येला रेक्याह्लीद नावाचं गाव. तिथलं चर्च आमच्या यादीत नव्हतं, मीच थांबायला लावलं. १७२४ ते १७२९ अशी पाच वर्षं इथे उद्रेक चालले होते. १७२९ मध्ये लाव्हा गावात शिरला, शेतं-घरं गिळली, आणि चर्चच्या कुंपणाशी येऊन दुभंगला. दोन्ही बाजूंनी वाहून पुढे एक झाला. चर्च वाचलं. आजची इमारत १९६२ ची आहे, पण लाव्हा तिथेच आहे, कुंपणापासून काही पावलांवर. मी त्या दोन्ही वस्तूंच्या मधे उभी राहिले. थोडासा उंचवटा आहे, प्रवाह वळला तो त्यामुळे, हे डोळ्यांना कळतं. पण त्या दिवशी आत प्रार्थना करत बसलेल्यांनी तो चमत्कार मानला, तर त्यांना कोण काय सांगणार?

जेवण म्हणजे जमिनीत भाजलेला पाव. राईच्या पिठाचा गोडसर काळा पाव डब्यात घालून गरम जमिनीत पुरतात आणि साधारण चोवीस तासांनी काढतात. चूल नाही, सरपण नाही. वर जाड लोणी. यांनी सोबत इथला धूर दिलेला मासा घेतला, सईने आणि मी नुसता पावच खाल्ला. दोन तुकडे जास्तच.

जेवून पूर्वेकडची खिंड चढलो आणि पलीकडे उतरताच वास आला. सडक्या अंड्यांचा, घशात बसणारा. क्वेरिर. जमीन पिवळी, तांबूस, राखाडी, कुठे पांढरी, गवताचं एक पातं नाही. मोठाल्या खड्ड्यांत राखाडी चिखल रटरट उकळतो आहे, पिठलं शिजताना उडतं तसे त्याचे थेंब उडतात. दगडांच्या ढिगातून वाफ इतक्या जोराने सुटते की शेजारच्याशी बोलता येत नाही. इथे हजारेक मीटर खाली तापमान २०० अंशांच्या वर आहे. पूर्वी इथलं गंधक बंदुकीच्या दारूसाठी खणून युरोपात जायचं.

दोरी ओलांडून पुढे गेलेल्यांच्या पावलांचे ठसे चिखलात खोल उमटलेले होते. मला संताप आला. वरची साल पातळ असते, पाय आत गेला तर भाजून निघेल हे एक, आणि तो ठसा बुजायला किती काळ लागेल हे दुसरं. एका छायाचित्रापायी लोक असं करतात. तुम्ही गेलात तर दोरीच्या आत राहा, कळकळीने सांगते.

खिंडीपासून थोड्याच अंतरावर डावीकडे क्राफ्लाचा फाटा. दरीत चांदीच्या रंगाचे नळ दूरवर गेलेले, एका ठिकाणी ते चौकटीसारखे रस्त्यावरून जातात आणि गाडी त्यांच्या खालून. हे भूऔष्णिक वीजकेंद्र, आज ६० मेगावॅटचं. ते बांधायला घेतलं आणि १९७५ च्या डिसेंबरात शेजारचा ज्वालामुखी जागा झाला. १९८४ पर्यंत नऊ उद्रेक. माणसं तरीही काम करत राहिली आणि १९७७ मध्ये केंद्र सुरूही झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात, सरोवराजवळच्या एका विंधणविहिरीच्या नळातून लाव्हाच बाहेर उडाला, काही टन. माणसाने पाडलेल्या भोकातून ज्वालामुखी बोलला! २००९ मध्ये तर इथे विहीर खणताना २.१ किलोमीटरवर यंत्र थेट शिलारसात शिरलं. फळ्यावरच्या माझ्या आकृतीत शिलारस नेहमी खूप खाली असायचा, फळ्याच्या तळाच्या लाकडी पट्टीजवळ. दोन किलोमीटर म्हणजे शाळेपासून बसथांब्यापेक्षा थोडं लांब.

बहुतेक बसेस वर वीती विवरापाशी थांबतात. वीती म्हणजे नरक. १७२४ मध्ये इथेच पहिला स्फोट झाला. व्यास सुमारे ३०० मीटर, तळाशी निळंहिरवं पाणी. सुंदर आहे, वारा भन्नाट आहे, वीस मिनिटांत बघून होतं. लोक फोटो काढतात आणि माघारी फिरतात. माझं मत विचाराल तर वीतीला दहा मिनिटं कमी द्या आणि अलीकडच्या वाहनतळावर उतरून लेइर्न्यूकुरकडे चालत जा.

सुरुवातीला लाकडी फळ्यांची वाट, मग गंधकाचं गरम तळं, मग एकदम काळं. डोळा जाईल तिथवर काळा लाव्हा. १९८४ च्या सप्टेंबरातला.

सई १९८४ च्या नोव्हेंबरची. मी हे तिथे पोचेपर्यंत कोणाला बोलले नव्हते. तिला म्हटलं, "हा दगड तुझ्याहून दोन महिन्यांनी मोठा आहे." ती हसली, मग गप्प झाली, मग खाली बसून तिने तळवा दगडावर टेकवला. "आई, हात लाव." भेगेतून वाफ येत होती आणि दगड कोमट होता. उन्हाने तापलेला नव्हे, आकाश तर भरून आलेलं. आतून कोमट. चाळीस वर्षं झाली तरी इथली जमीन निवलेली नाही.

मी गुडघे टेकून तो दगड बघत राहिले. वरची साय दोरखंडाच्या वळ्यांसारखी एकावर एक सरकलेली. वाहता वाहता गोठणं म्हणजे काय, ते बोटाने वाचता येत होतं. आणि त्यात बुडबुड्यांची भोकं, असंख्य, रिकामी. ती रिकामी भोकं पाहून मला भरून आलं. आपल्या कातळातही अशीच भोकं असतात, पण ती भरलेली असतात. कोट्यवधी वर्षं पाणी झिरपत राहिलं, त्यातली खनिजं पोकळ्यांत साचली आणि पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक झाले. मुलं विहिरीच्या खोदकामातून वेचून आणायची आणि माझ्या टेबलावर ओळीने मांडायची. म्हणजे मी आजवर शेवटचं पान वाचत होते. पहिलं पान हे. अजून कोरं, आत काहीच लिहिलेलं नाही.

थोडं पुढे चढलं की भेग दिसते. एक विवर नाही, विवरांची रांग, उत्तरेकडे सरळ रेषेत गेलेली. भेगीय उद्रेक. आइसलँडखालून दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर जात आहेत, वर्षाला सरासरी दोन सेंटिमीटर. पण जमीन दरवर्षी दोन सेंटिमीटर फाटत नाही. ती ताण सोसत राहते, शेकडो वर्षं, आणि मग एखाद्या दशकात सगळी थकबाकी चुकती करते. १९७५ ते ८४ मध्ये इथली जमीन काही मीटर रुंदावली. शिलारस खाली साचायचा तेव्हा भूभाग फुगायचा. मग रस भेगेतून जमिनीखालूनच आडवा पसरायचा आणि भूभाग खचायचा. बहुतेक वेळा असंच झालं, काही वेळाच रस वर आला.

एवढी लांब भेग पडते कशी, याचं उत्तर माझ्या पायाशी होतं. पहिल्या बाकावरची ती मुलं आता चाळिशीची झाली असतील.

यांनी एक छोटा तुकडा उचलून माझ्या हातात दिला, आठवण म्हणून. हलका, खरखरीत, काळा. घ्यावासा फार वाटला. पण येणाऱ्या प्रत्येकाने एक नेला तर काय उरेल, हे वर्गाच्या सहलीत मीच बजावायची. जिथला होता तिथे परत ठेवला.

साडेचार वाजले होते. आता तासभर राखेच्या माळरानातून रस्ता. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो मोहिमांचे अंतराळवीर १९६५ आणि १९६७ मध्ये याच भागातून दक्षिणेकडच्या वाळवंटात भूशास्त्र शिकायला नेले होते. नील आर्मस्ट्राँगही १९६७ च्या तुकडीत होते. त्यांनाही कोणीतरी दगड हातात देऊन शिकवलं असेल, हा विचार मला शिक्षिका म्हणून फार आवडला.

डेट्टिफॉसला दोन्ही तीरांवरून जाता येतं. पश्चिमेचा रस्ता डांबरी आहे, पूर्वेचा खडीचा. आम्ही पश्चिमेचा घेतला. वाहनतळापासून खडकांतून सुमारे किलोमीटरभर चालावं लागतं, आणि धबधबा दिसण्याआधी पायांना कळतो. जमीन थरथरते. मग दरीतून वर उठलेला तुषारांचा ढग, आणि मग तो स्वतः.

गोदाफॉससारखा देखणा नाही. पाणी राखाडी, सिमेंट कालवल्यासारखं. वातनायोकुल हिमनदाखालची राख आणि गाळ घेऊन ही नदी येते आणि १०० मीटर रुंदीने ४४ मीटर खाली कोसळते. सेकंदाला सरासरी दोनशे घनमीटरच्या आसपास, म्हणजे दर सेकंदाला दोन लाख लिटर. युरोपातल्या सर्वांत जोरकस धबधब्यांत याची गणना होते. रेनकोट असूनही आम्ही नखशिखान्त भिजलो, कारण वारा आमच्याच बाजूचा होता. बोलणं अशक्य. यांनी नुसता माझा दंड धरून ठेवला. चौदा-पंधरा मिनिटं तशीच गेली असावीत.

समोरच्या कड्याकडे लक्ष गेलं तेव्हा घरची आठवण आली. थर. एकावर एक लाव्हाचे थर, खाली उभे खांब, वर भुगाळ पट्टा, पुन्हा खांब. घाटातल्या कड्यांवर पावसाळ्यात पाण्याच्या धारा उतरतात तेव्हा असेच पायरीपायरीने उतरतात. दख्खनच्या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात तो शब्दच मुळी पायरीवरून आला, स्वीडिश 'त्राप्पा'. उत्तरेतल्या माणसांनी त्यांच्या भाषेतला शब्द आपल्या डोंगराला दिला, आणि मी आपल्या डोंगराची आठवण घेऊन उत्तरेत आले.

यांचा गुडघा बोलायला लागला म्हणून ते बाकावर बसले. सई आणि मी प्रवाहाच्या वरच्या अंगाला सेलफॉसपर्यंत गेलो. उंची दहाएक मीटरच, पण पाणी एका ओळीत न पडता दरीच्या दोन्ही कडांवरून शेकडो धारांनी उतरतं, आणि गर्दी जवळजवळ नाही. कमी माणसं, कमी आवाज, त्यामुळे इथे बोलता आलं. सईने विचारलं, "तू भूगोलच का घेतलास?" इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा विचारलं. परत येईपर्यंत मी तेच सांगत होते.

आऊसबिर्गीला पोचेपर्यंत आठ वाजून गेले, उजेड दुपारचाच. साडेतीन किलोमीटर लांब, किलोमीटरहून थोडी जास्त रुंद, घोड्याच्या नालेच्या आकाराची दरी, भोवती १०० मीटरपर्यंतचे उभे कडे. ओडिन देवाच्या आठ पायांच्या घोड्याचं एक पाऊल इथे टेकलं, असं जुने लोक सांगत. भूशास्त्र सांगतं ते तितकंच अचाट आहे. हिमनदाखाली ज्वालामुखी तापला, बर्फ वितळलं, साचलेलं पाणी एका झटक्यात सुटलं आणि त्या महापुराने हा कातळ कोरला. तळाशी बर्च झाडांची दाट राई. दिवसभर काळं आणि पिवळं बघितल्यावर पानांचा वास आला तेव्हा किती बरं वाटलं. आत एक लहान तळं आहे, काठाला फळ्यांचा ओटा. बदकाची एक जोडी आणि आम्ही तिघं, एवढेच होतो.

हुसाविकला साडेदहाला पोचलो. दिवसभरात अडीचशे किलोमीटरच्या आसपास झाले असतील. बुटांना क्वेरिरचा पिवळा चिखल आणि डेट्टिफॉसचा राखाडी गाळ दोन्ही चिकटलेले. नळ सोडला तर गरम पाण्याला तोच गंधकाचा वास, आता तो ओळखीचा झाला होता. बूट दाराबाहेर ठेवून वही काढली आणि खिडकीच्या उजेडात आकृती काढली. आडवे थर, मधून भेग. शिलारस या वेळी बराच वर काढला.

उद्या सकाळी बंदरावरून देवमासे पाहायला बोट आहे. साडेआठला पोचायचं, आणि स्वेटर दोन घालायचे, असं सईने बजावून ठेवलं आहे.